लहान होडी, वादळ आणि विजा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती साधारण पंचवीस फुटांपर्यंतच्या, केबिन नसलेल्या होड्यांसाठी आहे. किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या फायबरच्या होड्या, खाडीतल्या वल्ह्याच्या होड्या, मालवण-तारकर्लीकडच्या पर्यटक बोटी आणि उजनी, कोयनेसारख्या जलाशयांतल्या प्रवासी होड्या यांत येतात. मोठ्या ट्रॉलरवर आत बसायला जागा असते, वायरलेस असतो आणि बोट जडही असते. लहान होडीत यांपैकी फारसे काही नसते, म्हणून तिचे नियम वेगळे.

लहान होडीला जास्त भीती कशाची, विजेची की वाऱ्याची?

वाऱ्याची. वीज होडीवरच पडेल याची शक्यता कमी असते. वादळी ढगाखालचा वारा मात्र त्या भागातल्या प्रत्येक होडीला गाठतो. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी उलटली आणि सहा जण बुडाले. ती उलटवली वादळी वाऱ्याने.

असा वारा येतो कसा, हे कळले की पुढचे बरेच समजते. ढगातून पाऊस पडू लागला की त्यातला काही वाटेतच वाफ होऊन जातो. त्यामुळे हवा गार आणि जड होते, वेगाने खाली कोसळते आणि पाण्याला टेकली की चहूबाजूंना पसरते. हा गार झोत पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावतो. म्हणजे डोक्यावर अजून थेंब नाही, ढग लांब दिसतो आहे, आणि वारा मात्र पोचलेला असतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी 20 किमीच्या वाऱ्यात मजेत चालणारी होडी ताशी 50 किमीच्या झोतात आडवी सापडली तर सावरायला वेळ मिळत नाही.

वर्षातला कोणता काळ सांभाळायचा?

एप्रिल-मे, जूनची सुरुवात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. भर जुलैत पाऊस पुष्कळ असतो, पण विजा त्या मानाने कमी. यांत्रिक नौकांना जून-जुलैत मासेमारीबंदी असते, त्यामुळे जूनची सुरुवात सोडली तर विजांचे दोन्ही हंगाम नेमके मासेमारी चालू असतानाच येतात. 

दिवसातला वाईट वेळ दुपारी तीननंतरचा. जमीन तापून ढग वाढायला दुपार उजाडते. किनाऱ्यावर हेच वादळ बऱ्याचदा संध्याकाळी किंवा रात्री पोचते.

वादळ कोणत्या बाजूने येते? आम्ही पश्चिमेकडे लक्ष ठेवतो.

पावसाळ्यात ते बरोबर आहे. मे आणि ऑक्टोबरमध्ये पाठीमागे पाहा. या काळातले ढग दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर जमतात आणि वरच्या थरांतला वारा पूर्वेचा असेल तर कोकणावरून समुद्राकडे सरकतात. समोर निरभ्र समुद्र आणि पाठीशी काळा डोंगर, असे चित्र ऑक्टोबरात नेहमीचे. दुपारनंतर दर पंधरा मिनिटांनी एकदा घाटाकडे मान वळवायची सवय कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त पडते.

जमिनीकडून येणारा झोत दोन प्रकारे फसवतो. किनाऱ्याजवळ लाटा उठत नाहीत, कारण वाऱ्याला पाणी ढवळायला लांबी मिळत नाही; त्यामुळे जोर लक्षात येत नाही. आणि हाच वारा बंद पडलेल्या होडीला खोल समुद्रात नेतो. अशा वेळी शक्य तितके किनाऱ्याला चिकटणे हेच शहाणपण. पश्चिमेच्या वाऱ्यात गणित उलटते. ओहोटी लागलेली असताना खाडीच्या मुखाशी बाहेर येणारे पाणी आणि आत ढकलणारा वारा भिडतात, आणि मुखाशी साचलेल्या वाळूच्या दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. मुखातून आत घुसण्याची घाई तेव्हा करू नये. भरती लागेपर्यंत बाहेर, नाळ (होडीचे पुढचे टोक) लाटांकडे ठेवून थांबणे बरे.

ढग धोक्याचा आहे हे कसे ओळखायचे?

फुलकोबीसारखा वर वर चढणारा, कडा ठसठशीत असलेला ढग म्हणजे वाढ चालू आहे. माथा सपाट होऊन एका बाजूला लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला की तो विजांचा ढग झाला असे धरा. बहुधा माथा पसरतो त्या दिशेलाच ढग सरकतो, पण यावर पैज लावू नका.

जवळची लक्षणे अशी: चालू वारा अचानक पडणे, मग गार झुळूक, समुद्रात असताना ओल्या मातीचा वास येणे, ढगाच्या पायथ्याशी काळी, आडवी कमान, आणि दूरवर पाण्यावर गडद पट्टा, त्याच्या कडेला पांढरा फेस. पट्टा दिसला म्हणजे हातात काही मिनिटेच आहेत. रात्री ढग दिसत नाही, तेव्हा चमक पाहा. क्षितिजालगत आवाजाविना चमकणारी वीज शंभर किलोमीटरवरचीही असू शकते. चमक आकाशात वर चढत असेल तर ती तुमच्याकडे येते आहे.

अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ म्हटले होते. मग जायला हरकत काय?

हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक’ म्हणजे त्या भागातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी ठिकाणी. वादळ किती ठिकाणी होईल ते हा शब्द सांगतो, किती जोराचे होईल ते सांगत नाही. त्या तुरळक ठिकाणी तुमची होडी असली तर तुमच्यापुरते वादळ पूर्ण आहे. म्हणून इशाऱ्यात ‘मेघगर्जनेसह’ आणि ‘ताशी 40-50 किमी वेगाने’ हे शब्द शोधा. पिवळा इशाराही लहान होडीला पुरेसा आहे.

बंदरावर धोक्याचा बावटा नाही म्हणजे हवा ठीक, हा समज सोडा. तीन नंबरचा बावटा सहसा मोठ्या हवामान प्रणालीमुळे लागतो. तासा-दोन तासांत उठून विरणाऱ्या एकट्या ढगासाठी तो वेळेवर लागेलच असे नाही. त्यासाठी हवामान विभागाचा दर तीन तासांचा तात्कालिक इशारा आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप पाहावे. दामिनी तुमच्याभोवती 20 आणि 40 किमीच्या वर्तुळांत पडणाऱ्या विजा दाखवते. तिला मोबाइलची रेंज लागते, आणि किनारा दूर गेला की रेंज जाते. तेव्हा निघण्यापूर्वी पाहा, आणि किनाऱ्यावर एकाला तेवढेच काम देऊन ठेवा. त्याने फोन किंवा वायरलेसवरून कळवायचे.

नेमके कधी मागे फिरायचे?

चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा आणि तिनाने भागा, म्हणजे किलोमीटर मिळतात. तीस सेकंद म्हणजे 10 किमी. जमिनीवर ‘तीस सेकंदांच्या आत आवाज आला की आडोशाला जा’ हा नियम चालतो. होडीत तो उशिराचा आहे. कसा ते आकड्यांत पाहा.

तुम्ही किनाऱ्यापासून 6 किमीवर आहात, होडीचा वेग ताशी 15 किमी, वादळ पूर्वेकडून ताशी 40 किमीने येते आहे. बंदरात पोचायला तुम्हाला 24 मिनिटे लागतील. वादळ तुमच्यापासून 40 किमीवर असेल तर बंदरापासून 34 किमीवर आहे, म्हणजे त्याला 51 मिनिटे लागतील. तुम्ही आरामात पोचता. तेच वादळ तुमच्यापासून 20 किमीवर असताना निघालात, तर ते 21 मिनिटांत बंदरावर येते आणि तुम्ही त्याच्या पोटात शिरता. आणि 20 किमीवरचा गडगडाट ऐकू येत नाही. शांत हवेत तो फार तर 15 किमीपर्यंत पोचतो, इंजिन चालू असताना त्याहून पुष्कळ कमी.

म्हणून डोळ्यांनी ऐरण दिसली किंवा 40 किमीच्या वर्तुळात विजा दिसू लागल्या की वळा. आवाजाची वाट पाहू नका. दहा मिनिटांतून एकदा इंजिन मंद करून कान देणेही उपयोगी.

जाळे पाण्यात आहे. ओढून घ्यायचे की सोडायचे?

ओढायला लागणारा वेळ आणि परतीचा वेळ यांची बेरीज वादळ यायच्या वेळेपेक्षा कमी असेल तरच ओढा. नाहीतर टोकाला बोया आणि निशाणाची काठी पक्की बांधा, जीपीएसवर जागा नोंदवा आणि निघा. अर्धे जाळे होडीत आणि अर्धे पाण्यात ही सगळ्यात वाईट अवस्था: होडी एका बाजूला कलते, नाळ वाऱ्याकडे वळत नाही, आणि जाळे पंख्यात अडकले की इंजिनही गेले. जाळ्याची किंमत आम्हाला ठाऊक आहे, तरीही हेच सांगू. धारदार सुरी हाताशी, म्यानासह बांधलेली असावी.

किनारा गाठता येणार नाही हे कळले. आता क्रमाने काय करायचे?

झोत येण्याआधी:

1. सर्वांनी लाइफ जॅकेट घालून सगळे पट्टे आवळायचे. वाऱ्यात उभे राहून जॅकेट घालता येत नाही.
2. शीड, ताडपत्री, सावलीचे छत उतरवून बांधायचे. छत हे शिडासारखेच वारा पकडते. उजनीसारख्या मोकळ्या पाण्यावर हे विशेष लक्षात ठेवा.
3. गळाच्या काठ्या, लोखंडी नळ्या, व्हीएचएफ वायरलेसचा उंच ॲन्टेना आडवे करायचे. कार्बनची काठी वीज वाहून नेते.
4. बर्फाच्या पेट्या, डिझेल-पेट्रोलचे कॅन, मासळीच्या टोपल्या मध्यभागी, तळाशी बांधायच्या. तळातले पाणी उपसून टाकायचे. साठलेले पाणी कललेल्या बाजूला धावते आणि होडी पालथी करते.
5. आपली जागा आणि माणसांची संख्या कळवायची: व्हीएचएफ चॅनल 16, तटरक्षक दल 1554, जलाशयात 112.

झोत आल्यावर नाळ लाटांच्या तोंडावर अगदी सरळ न ठेवता थोडी तिरकी, तीस ते पंचेचाळीस अंशांत ठेवा. वेग इतकाच की सुकाणू ऐकेल. माणसे तळावर बसलेली, उभे कोणीही नाही. मागच्या बाजूचे वजन कमी करा, कारण इंजिनाकडची फळी बुटकी असते आणि पाणी तिथूनच आत येते.

इंजिन बंद पडले तर नाळेकडून नांगर टाका. दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडा. आखूड दोरावर नांगर धरत नाही. मागून नांगर कधीही टाकू नका. तळ लागत नसेल तर बादली, टोपली किंवा गुंडाळलेले जाळे लांब दोराने नाळेला बांधून पाण्यात सोडा. ते मागे ओढत राहते आणि होडीचे तोंड वाऱ्याकडे टिकते. वल्ह्याच्या होडीलाही हा उपाय चालतो.

फायबर किंवा लाकडाची होडी वीज वाहून नेत नाही. मग ती सुरक्षित नाही का?

उलट आहे. वीज पाण्यात उतरायला वाट शोधते. सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे डोलकाठी, नाहीतर उभा माणूस. होडीच्या अंगातून वाट नसल्यामुळे ती माणसातून, इंजिनातून, ओल्या दोरातून उडी घेत जाते आणि कधी तळाला भोके पाडून बाहेर पडते. डोलकाठीजवळ बसलेल्याला तिला न शिवताही झटका बसतो, कारण वीज धातूवरून शेजारच्या माणसाकडे उडी मारते.

त्यामुळे डोलकाठी, इंजिन, लोखंडी कठडे यांच्यापासून जमेल तितके, निदान एक मीटर तरी दूर, होडीच्या मध्यभागी, खाली बसा. हात-पाय पाण्यात नकोत. एकाच वेळी दोन धातूच्या वस्तूंना हात लावू नका. एका हातात इंजिनाचा दांडा आणि दुसऱ्या हातात कठडा असेल तर वाट छातीतून जाते.

मग इंजिन चालवणाऱ्याने काय करायचे?

झोत चालू असताना इंजिन सोडता येत नाही, ते सोडले तर होडी आडवी होईल. एकानेच सुकाणू धरायचे, रबराच्या मुठीवर एक हात, दुसरा मांडीवर, बसून. किल स्विचची (ओढताच इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला. वारा ओसरून फक्त विजा उरल्या आणि नांगर धरून आहे, तर इंजिन बंद करून त्यानेही मध्ये यावे.

मोबाइल वीज ओढून घेतो का?

नाही. चार्जिंगची वायर लावून वापरू नका एवढेच. फोन जलरोधक पिशवीत, अंगावर ठेवा. हातातला वॉकीटॉकी मदतीसाठी वापरावा. बाहेरच्या ॲन्टेनाला जोडलेल्या वायरलेसचा माइक विजा जवळ असताना हातात धरू नये, संकटाचा संदेश द्यायचाच असेल तर तो आधीच द्यावा. जादाचा जीपीएस किंवा फोन झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवला तर वाचण्याची शक्यता वाढते.

रबरी बूट किंवा रेनकोटने संरक्षण होते का?

नाही. आकाशातून किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला अर्ध्या इंचाचे रबर काही वाटत नाही.

होडीला वीज अटकाव यंत्रणा बसवता येते का?

येते, आणि समुद्रात ती कामाची आहे. मात्र अर्धवट बसवलेली यंत्रणा काहीच नसण्यापेक्षा वाईट. भाग तीन.

वर टोकदार धातूचा दांडा. कमी उंचीच्या काठीसाठी ढोबळ नियम असा की टोक जितके उंच तितक्याच त्रिज्येचा शंकू तिच्याखाली काहीसा सुरक्षित. टोक पाण्यापासून 5 मीटरवर असेल तर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या, म्हणजे 1 मीटर उंचीवर ही त्रिज्या 4 मीटर उरते. काठी मध्यभागी असेल तर 22 फुटी होडी त्यात मावते. माणूस उभा राहिला की हिशोब बिघडतो.

मध्ये तांब्याची जाड वायर. किमान 21 चौरस मिमी लागते, बाजारात 25 ची मिळते, तीच घ्या. घरच्या वायरिंगची वायर वितळून जाते. ती सरळ खाली यावी. वळण द्यावेच लागले तर 20 सेंमी त्रिज्येपेक्षा आखूड नको, कारण काटकोनात वळवलेल्या वायरवरून वीज बाहेर उडी मारते.

खाली तळाला बाहेरून तांब्याचा पत्रा, सुमारे 30 सेंमी बाय 30 सेंमी आणि 5 मिमी जाड, सदैव पाण्यात राहील असा. त्यावर रंग लावायचा नाही. इंजिन, धातूची टाकी यांसारख्या मोठ्या धातूच्या वस्तू 16 चौरस मिमीच्या वायरने याच पत्र्याला जोडायच्या, म्हणजे त्यांच्यात ठिणगी उडत नाही.

बिघाड बहुतेक सांध्यांत होतो. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो आणि ॲल्युमिनियमशी जोडलेला सांधा महिन्यांत खाऊन जातो. हंगामाआधी प्रत्येक बोल्ट उघडून घासा आणि पुन्हा आवळा. काठीला साखळी बांधून पाण्यात सोडण्याचा जुगाड पाहायला मिळतो; तिच्या कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवू नका.

गोड्या पाण्यात धोका कमी असतो का?

विजेच्या बाबतीत जास्त. समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत गोडे पाणी वीज शेकडो पटींनी कमी वाहते. उतरलेली वीज पाण्यात लवकर पसरत नाही आणि होडीतून बाजूला उड्या घेते. वर सांगितलेला एक पत्रा जलाशयात अपुरा पडतो. तिथे उपाय एकच, वेळेत काठ गाठणे. जलाशयाचा काठ सहसा दूर नसतो. गावचा धक्काच गाठायचा हा हट्ट सोडून जवळचा कोणताही काठ गाठा.

पाण्यात उतरून होडीला धरून राहावे का?

नाही. पडलेली वीज पाण्याच्या पृष्ठभागावर पसरते आणि पोहणाऱ्याचे डोके नेमके तिथेच असते. स्नॉर्केलिंग करणाऱ्यांना पहिल्या गडगडाटाला वर घ्या. पॅरासेलिंग तर ढग दिसताच बंद. होडी उलटलीच तर मात्र तिला सोडू नका, पालथ्या होडीवर चढा. किनारा दिसतो म्हणून पोहत निघालेला माणूस शोधणे फार कठीण जाते.

किनाऱ्यावर पोचलो. आता मोकळे?

अजून नाही. होडी ओढण्यात वेळ घालवू नका. माड आणि सुरूची झाडे, ताडपत्रीची शेड, लोखंडी जेट्टी टाळा. पक्के घर किंवा काचा बंद केलेली पत्र्याची मोटार चालेल. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून 30 मिनिटे थांबा. प्रत्येक नव्या आवाजाला घड्याळ पुन्हा शून्यावर.

कोणाला वीज लागली तर काय करायचे?

त्याच्या अंगात वीज राहत नाही, लगेच हात लावा. अनेकांना लागली असेल तर जो निपचित पडला आहे, श्वास घेत नाही, त्याच्याकडे आधी जा. इतर अपघातांत आपण ओरडणाऱ्याकडे धावतो, इथे उलट. विजेने हृदय थांबले तरी ते पुष्कळदा आपोआप पुन्हा सुरू होते, पण श्वास त्यानंतरही बंद राहतो आणि श्वासाअभावी हृदय दुसऱ्यांदा थांबते. म्हणून तोंडाने श्वास देणे इथे टाळू नका.

होडीच्या तळावर, कडक फळीवर उताणे निजवा. छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंमी खोल दाब द्या. 30 दाब, 2 श्वास, याच प्रमाणात चालू ठेवा. पाण्यातून काढले असेल तर आधी श्वास द्या. दोघे असाल तर दर दोन मिनिटांनी बदला. धक्क्यावर 108 ची गाडी आधीच बोलावून ठेवा. शुद्धीवर असलेल्याचे पाय काही तास गार, निळसर आणि लुळे पडू शकतात, कानाचे पडदे फाटू शकतात. तो बोलतो-चालतो म्हणून घरी नेऊ नका, हृदयाचा आलेख काढणे आवश्यक आहे.

वीज पडून गेल्यावर होडीचे काय तपासायचे?

आधी तळ. भोके टाचणीएवढी असू शकतात, विशेषतः पाण्याच्या रेषेवर आणि जिथे बोल्ट तळातून बाहेर जातात तिथे. पाणी हळूहळू वाढताना दिसले तर कापडाची चिंधी आणि ग्रीस आतून दाबून भरा, आणि उपसत राहा. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिनाला हात लावण्याआधी होडी हवेशीर होऊ द्या. होकायंत्र चुकीची दिशा दाखवू शकते. ओळखीच्या दीपगृहाशी किंवा टेकडीशी ते ताडून पाहा, तोवर त्यावर होडी हाकू नका. जीपीएस आणि इंजिनाची वायरिंग त्या दिवशी ठीक चालली तरी आठवड्याभरात बंद पडू शकते, त्यामुळे पुढच्या फेरीआधी मेकॅनिककडून वायरिंग उघडून घ्या आणि होडी जमिनीवर ओढून तळ बाहेरून पाहा.